लहान भावाच्या पोटावर पिशवी लावली, खरंच गरज होती का अन कधी निघन?

राळेगावकडचा:

नमस्कार मंडळी, विषय जरासा लाजेचा आहे म्हणून वेगळा आयडी काढून लिहू राह्यलो, समजून घ्या. माह्या लहान भावाचं गेल्या महिन्यात मोठं ऑपरेशन झालं. संडासच्या जागेतून काचेची बाटली आत गेली होती. कशी गेली ते तो "पडलो" एवढंच सांगते, आम्ही पण खोदून विचारलं नाही अन तुम्ही पण नका विचारू. पण पुढचं सांगतो कारण प्रश्न त्याच्यातच आहे.

दोन दिवस त्यानं घरात कोणाले पत्ता लागू दिला नाही, बायकोले पण नाही. मेडिकलमधून एरंडेल आणून पिला, त्यानं मुरडा लय आला पण बाटली काही हालली नाही, मंग गावातल्या एका इंजेक्शनवाल्याकडून एनिमा घेतला अन त्या शहाण्यानं वरून पक्कड घालून ओढून पण पाह्यलं म्हणे. तिथून रक्त सुरू झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे ताप, उलट्या, पोट एवढं कडक की हात लावू देईना, तवा कुठं तोंड उघडलं. तालुक्याले नेलं, तिथून जिल्ह्याले, जिल्ह्याहून मेडिकल कॉलेजले, रात्रीच पोट उघडलं. बाटली काढली, आतडं फाटलं होतं ते शिवलं, अन डाव्या बाजूनं आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली. आता घरी आहे, जेवते, चालते, ताप नाही.

आता झालं असं की आमचे एक पाहुणे आहेत ते आधी एका दवाखान्यात कंपाउंडर होते, ते भेटायले आले अन म्हणे, आतडं शिवलं होतं ना, मंग पिशवी कायले लावली, तिथं सगळे शिकाऊ डॉक्टर असतात, प्रायव्हेटमधी नेलं असतं तर बाटली खालूनच निघाली असती, पोट फाडाचं कामच नव्हतं. तेव्हापासून आईच्या डोळ्याचं पाणी खळत नाही अन भाऊ भितीकडे तोंड करून पडून राहते. तर खरं काय आहे हे कोणी जाणकारानं सांगावं. पिशवी जन्मभर राहीन का? दुसरं म्हणजे खालच्या जागेतून अजूनही मधात मधात शेंबडासारखं पांढरं येते, मंग पिशवी लावून उपयोग काय झाला? अन पेरणी तोंडावर आहे, ट्रॅक्टर तोच चालवते, बसू द्याचं का त्याले?

मस्करी करणाऱ्यांनी दुसरा धागा पहावा ही विनंती.


रात्रीचा_राजा:

[हा प्रतिसाद काढून टाकला आहे]


संपादक:

वरचा प्रतिसाद उडवला आहे. धागाकर्त्यानं शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं. पुन्हा असं आलं तर आयडी बंद होईल.


चाकूवाला_वर्धा:

मी जनरल सर्जन आहे, वर्धा-यवतमाळ पट्ट्यातच नोकरी झाली. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही त्यामुळे शेवटचा शब्द त्याच्या ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचाच, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझं मत सरळ आहे. पिशवी लावली ते बरोबरच केलं. पाहुण्यांना चहा पाजा आणि पुढच्या गाडीत बसवून द्या.

आता कारण सांगतो. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १२ ते १५ सेंटीमीटरचा भाग. त्याचा वरचा भाग पोटाच्या पोकळीत असतो, पेरिटोनियमचं अस्तर असतं त्याच्यावर, आणि खालचा भाग त्या अस्तराच्या खाली, माकडहाडाच्या पुढं, चरबीत रुतलेला असतो. जखम कुठं आहे यावर सगळा खेळ आहे. वर फाटलं तर मैला सरळ पोटात सांडतो, पोट कडक होतं, ताप, उलट्या, म्हणजे तुमच्या भावाचं जे झालं तेच. खाली फाटलं तर उलट फसगत होते, पोट मऊच राहतं, पेशंट चालत येतो, एक्सरेत डायाफ्रामखाली, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली, हवा पण दिसत नाही, आणि आतल्या आत पेल्व्हिसमध्ये, म्हणजे कमरेच्या हाडांमधल्या पोकळीत, पू पसरत राहतो. म्हणून अशा केसमध्ये शंका आली की सिटी स्कॅन लागतोच.

"शिवलं तर पिशवी कशाला" हा प्रश्न खरं तर चांगला आहे. ताजी जखम, सहा-आठ तासांच्या आतली, छोटं भोक, आत घाण कमी, पेशंटचं बीपी ठीक, तर वरच्या भागातली जखम आम्ही सरळ शिवून टाकतो, पिशवी लावत नाही. पण इथं दोन दिवस गेले, एरंडेलनं आतडं पिळून निघालं, एनिमाचं पाणी मैल्यासकट भोकातून पोटात गेलं असणार, पक्कडीनं काय केलं ते देवाला माहीत. अशा वेळी आतड्याच्या कडा सुजून इतक्या ठिसूळ होतात की टाका धरतच नाही, आज नुसतं शिवून सोडलं तर पाचव्या-सातव्या दिवशी उसवतं आणि पेशंट दुसऱ्यांदा टेबलावर येतो, तेव्हा तो वाचेलच याची खात्री कोणी देत नाही. फुटलेला पाट बांधायचा तर आधी वरून पाणी बंद करावं लागतं हे शेतकऱ्याला मी काय सांगू. पिशवी म्हणजे तेवढंच, मैला जखमेपर्यंत जाऊ न देणं.

थोडं विषयांतर, पण पाहुणे जे बोलले त्यात अर्धवट तथ्य कुठून आलं ते यातून कळतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, ब्रिटिश लष्कराच्या ऑगिल्वी नावाच्या सर्जननं नियमच घालून दिला होता की मोठ्या आतड्याला जखम दिसली की ते आतडं पोटाबाहेर काढायचं, शिवून आत टाकायचं नाही. त्यानं सैनिक वाचले आणि मग कित्येक वर्षं सगळीकडे, साध्या नागरी दवाखान्यांत सुद्धा, सरसकट पिशवी लावत राहिले. १९७९ मध्ये स्टोन आणि फेबियन या अमेरिकन सर्जननी पेशंट दोन गटांत वाटून दाखवलं की निवडक पेशंटमध्ये सरळ शिवलेलं पण चांगलं टिकतं, तेव्हापासून पिशव्या कमी होत गेल्या. गुदाशयाच्या खालच्या भागाला तर व्हिएतनाम युद्धापासून चार गोष्टींचा पाढा होता: पिशवी लावा, जखम शिवा, माकडहाडापुढं ड्रेन, म्हणजे घाण बाहेर काढणारी नळी, टाका, आणि खालचं आतडं धुवून काढा. त्यातलं ड्रेन आणि धुणं आता सरसकट करू नका असंच सांगतात, २०१६ च्या अमेरिकन ट्रॉमा सर्जनच्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे, पण खालच्या भागातल्या जखमेला पिशवी मात्र त्यांनी पण कायम ठेवली. म्हणजे पिशवी कमी लावायची हे खरं, पण ती तुमच्या भावासारख्या पेशंटला नाही.

आता "बाटली खालूनच निघाली असती" याबद्दल. पहिल्या दिवशी आला असता तर बहुतेक निघाली असती, हो. आणि त्याला प्रायव्हेट लागत नाही. आधी एक्सरे, समोरून आणि बाजूनं, बोट घालून तपासायच्याही आधी, कारण आत काच फुटलेली असली तर डॉक्टरचंच बोट कापतं. मग कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करायचा, स्नायू सैल पडला की अर्धं काम तिथंच होतं. बाळंतपणाला झोपवतात तसं झोपवून एकानं पोटावरून हलकं दाबायचं आणि एकानं खालून धरायचं. बाटलीची भानगड अशी की तुम्ही ओढता तेव्हा तिच्या वर पोकळी तयार होते आणि ती उलट आत खेचली जाते. म्हणून लघवीची रबरी नळी, फोली, तिच्या बाजूनं वरपर्यंत सरकवायची, त्यातून हवा सोडायची, ती पोकळी मोडली की बाटली येते. नळीचा फुगा फुगवून त्यानंच ओढता पण येतं. दातेरी चिमटा काचेला लावायचा नाही, फुटली की संपलं. आणि निघाल्यावर लगेच घरी पाठवायचं नाही, दुर्बीण घालून आतलं अस्तर पाहायचं आणि ठेवून घ्यायचं. खालून नाहीच जमलं तर पोट उघडतात, तेव्हा सुद्धा पहिला प्रयत्न आतडं न कापता वरून हातानं खाली सरकवायचाच असतो.

पण पोट कडक झालं, ताप आला, म्हणजे आतडं फाटलं. तिथं खालून ओढत बसणारा डॉक्टर शहाणा नाही. तुमच्या डॉक्टरांनी वेळ घालवला नाही.

खालून येणारं पांढरं म्हणजे आतड्याचं अस्तर जो चिकटा बनवतं तो. मैला बंद झाला तरी अस्तर काम करतच राहतं. काही बिघडलेलं नाही, संडासला बसून हलकंसं बाहेर टाकलं तरी चालतं, जोर करायचा नाही. घाण वासाचा पू, रक्त, ताप किंवा बुडाशी ठणका लागला तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

जन्मभर राहत नाही, बहुतेकांची निघते. कधी ते सांगायला मला एक माहिती लागेल. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव पहा, "लूप" लिहिलंय की "हार्टमन" किंवा "एंड", तेवढं इथं लिहा.


शंकरपट_प्रेमी:

भाऊ पहिले तर तुह्या भावाले सांग का तो एकटा नाही. मी स्वतः पिशवीवाला होतो. पटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलानं शिंग घातलं मले, सरळ बुडाच्या बाजूनं वर. लोकं सांगतात का आमच्या घरच्यानं तिथं पाणी शिंपडून मले बंडीत टाकलं, मले काई आठवत नाही. माह्यं पण आतडं फाटलं, पिशवी लागली, निघाली पण. आज मी पोतं उचलतो, पटात पण जातो, पण बैलाच्या मागं उभा राहत नाही एवढंच.

पिशवीचं मी सांगतो कारण डॉक्टरले त्याची गंमत माहीत नसते (डॉक्टरसाहेब राग नका मानू). आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते चिकटवाचं जे बूड असते ना, ते घामानं सुटते. मे महिन्यात मले रोज बदलवा लागे. मंग सिस्टरनं सांगितलं का आधी कोमट पाण्यानं धुवाचं, साबण नको, कापडानं टिपून पूर्ण कोरडं कराचं, पंख्याखाली दोन मिनिट बसाचं अन मंगच चिकटवाचं, अन चिकटवल्यावर हाताच्या तळव्यानं जराशी ऊब देत दाबून धराचं. तवापासून तीन-चार दिवस टिकू लागलं. राहिलेल्या पिशव्या टिनाच्या खोलीत ठेवू नको, चिकट मेण वितळते, माठाजवळ थंड जागी ठेव. बुडाचं भोक कापताना आतड्याच्या तोंडापेक्षा थोडुसंच मोठं कापाचं, लय मोठं कापलं तर मैला कातडीले लागते अन मंग जे सोलते ना, बाप्पा रे बाप्पा.

पिशवी तिसरा हिस्सा भरली का रिकामी कराची, भरू दिली का वजनानं निघते, अन ती निघण्याची जागा नेमकी लग्नाची पंगत असते.

खाण्याचं म्हणशील तर सगळं खाल्लं म्या. पहिले पहिले बरबटी, वाटाणा, कोबी, कच्चा कांदा यानं पिशवी फुगे. भाकर, वरण, भाजी काही होत नाही. झणझणीत तर्री खाल्ली का तिकडून पण झणझणीतच येते हे ध्यानात ठेव.


राळेगावकडचा:

डॉक्टरसाहेब, लय लय धन्यवाद. तुमचं सगळं लिहिलेलं मी आईले वाचून दाखवलं, पाटाचं वाचलं तवा ती म्हणे हे तं खरंच आहे. कार्डावर इंग्रजीत आहे, भाचीनं वाचलं, "लूप सिग्मॉईड कोलोस्टॉमी" लिहिलं आहे अन गुदाशयाची जखम पुढच्या बाजूनं, वरच्या भागात, अर्ध्यापेक्षा कमी घेराची, शिवली असं आहे. नळी पण टाकली होती पोटात, ती निघाली. पटवाले भाऊ तुमचे पण उपकार, माठाजवळचं लगेच केलं.


चाकूवाला_वर्धा:

लूप असेल तर उत्तम. लूप म्हणजे आतडं तोडून वेगळं केलेलं नाही, वळसा बाहेर काढून त्याला दोन तोंडं केलीत, ते बंद करणं त्या मानानं सोपं, बऱ्याचदा पोट परत पूर्ण उघडावं लागत नाही. हार्टमन असतं तर खालचं टोक आत बंद करून ठेवलेलं असतं, ते शोधून जोडणं मोठं काम, आणि थांबावं पण जास्त लागतं. घेराचं जे लिहिलंय ते पण चांगलं आहे, अर्ध्यापेक्षा कमी फाटलं म्हणजे आमच्या मोजपट्टीत दुसरी ग्रेड, पाचव्या ग्रेडला तर रक्तपुरवठाच तुटून आतडं मरतं.

साधारण तीन महिने धरून चाला. त्याच्या आधी आतली सूज, चिकटलेपणा उतरलेला नसतो. बंद करायच्या आधी खालच्या तोंडातून औषध सोडून एक्सरे काढतात, त्याला डिस्टल लूपोग्राम म्हणतात, शिवलेल्या जागेतून कुठं गळती नाही ना आणि वाट अरुंद झाली नाही ना ते दिसतं. दुर्बिणीनं पण पाहतील. आणि एक गोष्ट तुम्ही आठवणीनं विचारा, गुदद्वाराच्या स्नायूची पकड. पक्कड घातली होती असं म्हणालात म्हणून सांगतो. तो स्नायू फाटलेला असेल आणि तसंच वरचं बंद केलं तर मैला थांबणार नाही, त्यापेक्षा पिशवी बरी वाटेल. बोट घालून आवळायला सांगतात तेवढ्यातच अंदाज येतो, शंका असली तर आतून सोनोग्राफी करतात. फाटला असला तर तो आधी दुरुस्त करायचा, पिशवी तोवर राहू द्यायची. हिमोग्लोबिन पण वर आणा, आपल्याकडे पेशंट आठ-नऊवर फिरतात आणि मग टाके भरत नाहीत. अंडी खात असेल तर द्या, नाही तर डाळ, चणे-फुटाणे, शेंगदाणे.

ट्रॅक्टर यंदा नको. पोटाची मधली जखम आणि पिशवीची जागा, दोन्हीकडून हर्निया यायला ट्रॅक्टरचे धक्के पुरेसे आहेत. दोन महिने तरी पाच किलोच्या वर उचलायचं नाही, पाण्याची बादली सुद्धा नाही. चालू द्या, धुऱ्यावर बसून माणसं सांभाळू द्या.


अनुभवी_म्हातारा:

एवढं चिरफाड करण्यापेक्षा एरंडेल जरा जास्त दिलं असतं तर? आमच्या नातवानं दहाचं नाणं गिळलं होतं, आम्ही केळी चारली, दुसऱ्या दिवशी निघालं. ऑपरेशन नाही, काही नाही.


चाकूवाला_वर्धा:

आजोबा, वरून गिळलेलं आणि खालून गेलेलं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाणं एकदा पोटात उतरलं की आतडं त्याला पुढंच ढकलत नेतं, बहुतेक आपोआप पडतं, ते केळ्यामुळं नाही. नातवाचं चांगलं झालं, पण गोल चपटी बॅटरी गिळली असती आणि ती घशातच अडकली असती तर तुम्ही केळी चारत असताना दोन तासांत अन्ननलिका जळायला लागली असती, म्हणून पोरानं काही गिळलं की एक्सरे काढाच. खालून गेलेली वस्तू माकडहाडाच्या बाकात अडकते, स्नायू आवळून बसतो, आणि वरून जुलाब दिला की आतडं त्या वस्तूवर आपटत राहतं. म्हणून अशा वेळी जुलाब नाही, एनिमा नाही, घरचे चिमटे नाहीत. पाणी पण पाजू नका, कारण भूल द्यावी लागू शकते.


सिस्टर_आर्वी:

मी स्टाफ नर्स आहे, ग्रामीण रुग्णालयात. सरांनी ऑपरेशनचं सांगितलं, मी बाकीचं सांगते. पिशवीचं आतड्याचं तोंड रोज पहायचं, लालसर गुलाबी आणि ओलं असायला हवं. पुसताना थोडं रक्त लागलं तर घाबरू नका. पण काळं-जांभळं पडलं, आत ओढलं गेलं, किंवा दिवसभर पिशवीत हवा पण नाही मैला पण नाही आणि पोट फुगलं, तर वाट न पाहता न्या. कातडी सोलली तर झिंक ऑक्साईड लावतात पण मलम चोपडून त्याच्यावर पिशवी चिकटत नाही, पावडर मिळते ती भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाही तरी सांगते, पिशवी बंद करायचं ऑपरेशन म्हणजे दुसरी ॲडमिशन. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं आधीच पहा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जा, आदल्या दिवशी नाही तर तारीख मिळते तेव्हाच, कारण नावात काना-मात्रेचा फरक निघाला की मंजुरी अडकते. कार्ड, एक्सरे, सिटी सगळं एका थैलीत ठेवा, जिल्ह्याहून मेडिकलला नेताना लोकं निम्मे कागद गाडीतच विसरतात.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. शेतात झाडावरून पडून कुंपणाचा खुंट घुसला, तुरीचं धसकट घुसलं, तर ते ओढून काढू नका!! आमच्याकडे माणसं खुंट हातात घेऊन येतात दाखवायला. तो आतमध्ये असतो तोवर फाटलेली रक्ताची नळी दाबून धरलेली असू शकते, काढला की धार लागते. बाहेरचा भाग इतका लांब असेल की नेताच येत नाही तरच, न हलवता, कापून कमी करा, हलू नये म्हणून कपड्यानं दोन्ही बाजूनं आधार द्या, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन आम्ही देतो. लहान मुलाच्या बाबतीत अशी जखम दिसली आणि घरचे सांगतात ती गोष्ट जुळत नसली तर आम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं, पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा आहे, तिथं आमच्याशी भांडू नका. मोठ्या माणसानं स्वतःच्या मर्जीनं काही केलं असेल तर तो गुन्हा नाही, त्याला कोणी दरडावू नये, दरडावलं की पुढचा पेशंट दोन दिवस उशिरा येतो.


हिंगणघाट_जिनिंग:

सिस्टरताई चांगलं लिहिलं. मले एक विचाराचं होतं, आमच्या जिनिंगमधी सुट्टी व्हायच्या टायमाले पोट्टे कंप्रेसरच्या पाइपनं अंगावरचा कापूस उडवतात, अन मस्करीत एकमेकाच्या ढुंगणावर हवा मारतात. वस्तू काही आत जात नाही, पॅन्ट घातलेली असते. यानं पण होते का असं काही? मुकादम म्हणते काही होत नाही.


चाकूवाला_वर्धा:

होतं. आणि बाटलीपेक्षा वाईट होतं. कपड्यावरून मारली तरी हवा आत जाते, पाइप आत घालायची गरज नाही. आतडं फुटायला चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) दाब पुरतो आणि तुमच्या कंप्रेसरवर शंभर-सव्वाशेचा काटा असतो. क्षणात पोट फुगतं, श्वास घेता येत नाही. बहुतेकदा गुदाशय आणि त्याच्या वरचं आतडं जिथं जुळतात तिथं फुटतं, पण हवा पुढं धावत जाऊन उजव्या बाजूच्या रुंद आतड्याला पण चिरा पाडते, म्हणून पोट उघडल्यावर एक भोक सापडलं म्हणून थांबता येत नाही, सगळं आतडं पाहावं लागतं. फुगलेल्या पोटानं श्वास अडला तर कधी कधी ऑपरेशनच्या आधी पोटात जाड सुई घालून हवा सोडावी लागते. अशी पोरं देशभरात मेलेली आहेत आणि मस्करी करणारा मित्र तुरुंगात गेलेला आहे. मुकादमाला हे वाचून दाखवा, आणि कापूस उडवायला ब्रश द्या त्यांना.


हिंगणघाट_जिनिंग:

स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला. मुकादमानं अंगठा दिला आहे खाली, समजलं का नाही माहीत नाही.


राळेगावकडचा:

अजून एक विचारतो, मंग त्रास देत नाही. भाऊ दिवाळीपासून एका पंपावर नाइट करते, तिथं मालकाले सिकचा कागद पायजे. पण डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच ओळीत सगळं लिहिलं आहे, बाटली वगैरे, अन मालक इंग्रजी वाचते. तो कागद तिथं गेला का गावात यायले एक तास पण लागणार नाही. भाऊ म्हणते नोकरी गेली तरी चालन पण कार्ड देत नाही.


सिस्टर_आर्वी:

कार्ड द्यायचंच नाही. ते त्याचं स्वतःचं आहे, मालकाला द्यायची काही गरज नाही. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना वेगळं मेडिकल सर्टिफिकेट मागा, त्यात "पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, अमुक तारखेपर्यंत विश्रांती, जड काम नाही" एवढंच लिहून सही-शिक्का देतात. कारण काय ते मालकाला सांगायचं बंधन नाही. विम्याला किंवा योजनेला कार्ड लागतं ते दवाखाना परस्पर देतो.


चाकूवाला_वर्धा:

सिस्टर बरोबर सांगतायत. मी तर रोज असे लिहितो. ओपीडीत गर्दीत मोठ्यानं मागू नका, आत गेल्यावर मागा, कोणी नाही म्हणत नाही.


राळेगावकडचा:

ठीक आहे, येत्या सोमवारी ओपीडी आहे तवा सर्टिफिकेट पण मागतो अन लूपोग्रामचं अन ते पकडीचं पण विचारतो. भावाले आज फोनवर हा धागा दाखवला, सगळा वाचला त्यानं, मंग शंकरपटवाल्या भाऊले विचाराले लावलं का पिशवीवर पॅन्ट घालाची का लुंगीच बरी.


शंकरपट_प्रेमी:

घरी लुंगी. बाहेर पॅन्ट, पण एक नंबर मोठी, अन पट्टा पिशवीच्या खालून. पिशवीवरूनच आवळून बांधला तर मैला खाली उतरत नाही, बुडाखाली साचते अन बाजूनं फुटते. वाटलं तर त्याले माह्या आयडीवर निरोप टाकाले सांग, रात्री नऊनंतर मी मोकळाच असतो.